माझ्या गैरहजेरीचा हंगाम

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी ठरवलं की आज मॅचला जायचं नाही. बस, एवढंच. कुणाशी भांडायचं ठरवलं नाही, नोकरी सोडायचं ठरवलं नाही, बायको सोडायचं तर स्वप्नातही ठरवलं नाही (हेल्मी हे वाचणार आहे). गुडघा ठणकत होता, सरोवरावरून येणारा वारा कानात सुया टोचत होता आणि आमचा बेसबॉलचा संघ, म्हणजे डुलुथ स्टर्जन्स, हंगामातल्या पहिल्या सहाच्या सहा मॅच हरला होता. म्हटलं, सातवी माझ्याशिवाय हरतील. तेवढी अक्कल त्यांना आहे.

त्या एका निर्णयापायी पुढचे चार महिने मी दर मंगळवारी साठ माणसांचा स्वयंपाक केला, दात दुखत नसताना तीनदा दंतवैद्याच्या खुर्चीत बसलो, आणि या शहरातल्या मला न ओळखणाऱ्या माणसांनी भर रस्त्यात अडवून मला घरी पाठवलं. आता सगळं संपलंय, पण थकवा उतरलेला नाही.

स्टर्जन हा आमच्या सरोवरातला मासा. शंभर-शंभर वर्षं जगतो, तळाशी पडून असतो आणि विशेष काही करत नाही. संघाचं नाव ठेवणारा माणूस दूरदृष्टीचा असावा. शेवटचं अजिंक्यपद मिळालं त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांपासून घरच्या प्रत्येक मॅचला जातो. रांग सहा, खुर्ची अकरा. मधे एकदाच चुकली, अपेंडिक्स फुटलं तेव्हा. तीही डॉक्टरांनी मला न विचारता भूल दिली म्हणून. आमची मुलगी जन्मली त्या आठवड्यात संघ बाहेरगावी होता. हेल्मीनं ते तसं जमवून आणलं की योगायोग होता, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

तर त्या मंगळवारी मी कोट पुन्हा खुंटीला अडकवला आणि म्हटलं, "आज जात नाही."

हेल्मीनं विणकाम खाली ठेवलं. उठून माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही गं. कंटाळा आलाय."

"कशाचा?"

"हरायचा."

"सव्वीस वर्षांत?" ती म्हणाली. "जरा लवकरच नाही का आला?"

मी गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून झोपून गेलो. सकाळी सव्वासहाला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजला. क्लिफर्ड ओडेगार्ड होता. क्लिफर्डचं वय अठ्ठ्याहत्तर. लोखंडाच्या खनिजाची जहाजं भरायच्या धक्क्यावर त्यानं चाळीस वर्षं काढली, त्यामुळे फोनवरही तो समोरच्या जहाजाला हाक मारल्यासारखा बोलतो. सव्वीस वर्षं तो माझ्या शेजारच्या, बारा नंबरच्या खुर्चीवर बसतो. बायकोबरोबर भोगली तितकी नाहीत, पण आयुष्यातली बरीच दुःखं मी त्याच्याबरोबर भोगली आहेत.

"आर्वो! काल होतास कुठे?"

"घरी. गुडघा जरा—"

"अरे जिंकलो आपण! आठ–एक!"

सख्ख्या भावानं आपल्याला न कळवता लग्न उरकावं आणि वर फोटो पाठवावेत, तसं मला झालं. "बरं झालं," मी म्हटलं.

गुरुवारी मी गेलो. शून्य–अकरा हरलो. शुक्रवारी माझी दाढ काढायची होती, जाता आलं नाही, जिंकलो. शनिवारी सुजलेला गाल घेऊन गेलो. आठव्या डावापर्यंत चार धावांनी पुढे होतो, नवव्यात आमच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, अचानक कुठलीतरी विरक्ती आली आणि हरलो. त्या शेवटच्या डावात क्लिफर्ड मैदानाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता.

रविवारी चर्चनंतर तो घरी आला. बरोबर मिसेस ब्रेक्के. मिसेस ब्रेक्के सहाव्या रांगेतच बसतात. निवृत्त गणित शिक्षिका. मला नववीत त्यांनीच शिकवलं होतं (आणि दहावीत जाण्याआधी नववीत पुन्हा एकदा). क्लिफर्डनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी काढून बसलेला क्लिफर्ड मी फक्त अंत्यविधीत पाहिला होता.

"आर्वो, तुझ्या त्या वह्या आहेत ना?" मिसेस ब्रेक्केंनी विचारलं. "सगळ्या आण."

मी शहराच्या नोंदणी कार्यालयात कारकून आहे. जन्म, मृत्यू आणि कुत्र्यांचे परवाने. समोर काही घडलं की ते लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सव्वीस वर्षांतली प्रत्येक मॅच, घरची आणि बाहेरची, माझ्या वह्यांत आहे, निळ्या शाईत, सरळ ओळीत. मी मोठ्या अभिमानानं सव्वीस वह्या टेबलावर रचल्या. हेल्मीनं कॉफी ठेवली, वेलदोड्याचा गोड पाव कापला. मिसेस ब्रेक्केंनी पेन्सिलीला टोक केलं आणि दोन तास कुणाशी बोलल्या नाहीत.

मग त्यांनी चष्मा काढला.

"तू मैदानात असताना हा संघ शंभरातल्या एकतीस मॅच जिंकतो. बाहेरगावी, तू नसताना, शंभरातल्या छप्पन्न."

"बाहेरगावी सगळेच संघ जास्त हरतात," क्लिफर्ड हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आपलाच एक उलटा आहे."

"योगायोग असेल," मी म्हटलं.

"अपेंडिक्सच्या दिवशी काय झालं होतं?"

मी वही उघडली नाही. ते मला पाठ होतं. "जिंकले," मी म्हणालो.

हेल्मी कपात चमचा फिरवत होती, तो थांबला.

दुसऱ्या कुणी लिहिलेलं असतं तर मी वाद घातला असता. पण अक्षर माझं, शाई माझी, खाली तारीख घालून सही माझी. माणूस स्वतःविरुद्ध इतका नीटनेटका पुरावा सव्वीस वर्षं गोळा करत बसला, तर त्याला वकील तरी काय करणार?

"हे बघ," क्लिफर्ड टोपीकडे बघत म्हणाला, "ऑक्टोबरात मी ॲरिझोनाला चाललो. लेकीकडे. कायमचा. डॉक्टर म्हणतो, इथला आणखी एक हिवाळा काढू नका. हा माझा शेवटचा हंगाम आहे. एकदा, फक्त एकदा जिंकलेलं बघून जावंसं वाटतं रे. तू मनावर घेऊ नकोस."

मी ते मनावर घेतलं. पण मान हलवली. काय करणार?

"खुर्ची मात्र रिकामी ठेवायची नाही," मिसेस ब्रेक्के म्हणाल्या. "रिकामी खुर्ची म्हणजे आर्वोचीच खुर्ची."

"मी जाते," हेल्मी म्हणाली.

आम्ही तिघंही वळून बघायला लागलो. हेल्मी सव्वीस वर्षांत तीनदा मॅचला आली होती, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच डावात तिनं विचारलं होतं, "अजून किती आहे?"

"विणायला काय, तिथेही विणता येईल," ती म्हणाली. "पण मंगळवारचं चर्चचं जेवण मग आर्वो करेल."

चर्चच्या तळघरात दर मंगळवारी साठेक माणसं जेवतात, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी मंडळी. ते जेवण गेली बारा वर्षं हेल्मी करायची. मला अंडं उकडता येतं. (म्हणजे उकडलेलं अंडं ओळखता येतं.) पण संघासाठी त्याग करायला निघालेला माणूस अंड्यापाशी अडत नाही.

पहिल्या आठवड्यात घरी बसून मी रेडिओ लावला. संघ पाच धावांनी पुढे होता. मी रेडिओ लावल्यापासून वीस मिनिटांत तो एका धावेनं मागे पडला. मी घाबरून रेडिओ बंद केला, जिंकलो. हे मी कुणाला सांगायला नको होतं. क्लिफर्डला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो येऊन रेडिओच घेऊन गेला.

आता मॅचची बातमी मिळायचा एकच मार्ग उरला: हेल्मी. ती साडेनऊला परत यायची, मी दारातच उभा.

"काय झालं?"

"अरे, तो तिसऱ्या ठिकाणी उभा राहणारा मुलगा आहे ना, एलिसेओ, तो डोमिनिकन रिपब्लिकचा. त्याला किती सर्दी झालीय!"

"हेल्मी, स्कोअर?"

"गळ्याला काही नाही, मफलर नाही. त्या गरम देशातल्या मुलाला इथे मे महिन्यात उभं करतात आणि गळ्याला काही नाही! मी म्हटलं त्या मॅनेजरला."

"तू मॅनेजरशी बोललीस?" सव्वीस वर्षांत मॅनेजरनं माझ्याकडे एकदाच बघितलं होतं, तेही माझ्या डोक्यात चेंडू बसला तेव्हा. "बरं, पण जिंकलो का?"

"एक जण पळत पळत घसरला. पार पोटावर."

"आपला की त्यांचा?"

"चिखल झाला त्याच्या कपड्यांना. कोण धुणार ते?"

"हेल्मी!"

"जिंकलो रे. नऊ की दहा काहीतरी. तू भांडी घासलीस?"

भांडी घासायचा विषय मी मागे पडू देत होतो, पण तो मागे पडायचा नाही. चर्चचं जेवण माझ्याकडे आल्यापासून मी भांड्यांनीच वेढलेला होतो.

पहिल्या मंगळवारची गोष्ट सांगायलाच हवी. हॉटडिश करायची होती. अवघड काही नाही: खिमा, मश्रूमचं डब्यातलं सूप, फरसबी, वरून बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि ओव्हनमध्ये सारायचं. हेल्मीनं कृतीचं कार्ड लिहून दिलं होतं. मी कार्ड डब्याला टेकवून उभं केलं आणि कामाला लागलो. मधे सुपाचा डबा उघडताना कार्ड खाली पडलं. मी उचललं, पुन्हा उभं केलं आणि पुढे वाचायला लागलो. 'वेलदोड्याची पूड, चार मोठे चमचे. साखर, तीन वाट्या.' मला जरा नवल वाटलं. पण मी कारकून आहे. लिहिलेलं असतं ते करायचं, एवढंच मी आयुष्यभर शिकलोय. कार्डाच्या मागच्या बाजूला गोड पावाची कृती होती, हे मला घरी गेल्यावर कळलं.

साठ माणसांनी पहिला घास घेतला. पास्टर लुंडीन सभ्य माणूस. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले, आणखी पाणी प्यायले आणि म्हणाले, "आर्वो, हे... वेगळं आहे."

आमच्याकडे मिनेसोटात याहून जहाल शिवी नाही. घर जळालं तरी आम्ही 'बरं नाही झालं' एवढंच म्हणतो. 'वेगळं आहे' हे आम्ही फक्त अक्षम्य गोष्टींसाठी राखून ठेवलंय. टेबलाटेबलावरून तोच शब्द पुटपुटत फिरला. मला वाटलं, सुटलो. आता हे काम माझ्याकडून काढून घेतील.

त्या संध्याकाळी स्टर्जन्स बारा–दोन जिंकले.

बुधवारी मिसेस ब्रेक्केंचा फोन आला. "आर्वो, काल जेवणात नेमकं काय घातलं होतंस? किती चमचे? लिहून ठेव. पुढच्या मंगळवारी तसंच व्हायला हवं."

"अहो, ते खाता येत नव्हतं."

"ते मला माहीत आहे. मी खाल्लंय."

आणि मग जून गेला, जुलै गेला, संघ जिंकत राहिला आणि आमच्या गावातली साठ वयस्क, देवभीरू माणसं दर मंगळवारी खिमा, मश्रूम आणि वेलदोड्याची गोड हॉटडिश मुकाट्यानं खात राहिली. एकदा मी दया येऊन साखर निम्मी केली. त्या दिवशी हरलो. बुधवारी पास्टर स्वतः घरी आले, दारातच उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "आर्वो, आमची काळजी करू नकोस. साखर पुरती घाल."

एव्हाना गोष्ट गावभर झाली होती. किराणा दुकानात पावाच्या फळीशी उभा असलो की कुणीतरी पाठीवर हात ठेवायचं: "तूच ना तो? घरीच राहतोस ना? शाब्बास!" एका संध्याकाळी मी औषध आणायला बसमध्ये चढलो, तर ड्रायव्हरनं दार उघडं ठेवून विचारलं, "ही बस मैदानावरून जाते. तुम्ही कुठे निघालात?" बसमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मी म्हटलं, गुडघ्याचं औषध आणायचंय. ड्रायव्हर म्हणाला, "कुठलं ते सांगा, मी उद्या आणून देतो." आणि आणून दिलं. दंतवैद्यानं आपणहून फोन करून शुक्रवारच्या मॅचच्या वेळा मला देऊन टाकल्या. पहिल्या शुक्रवारी दाढ काढली तेव्हा जिंकलो होतो ना! दोन शुक्रवारी त्यानं नुसतंच तपासलं. तिसऱ्या शुक्रवारी संघ हरतोय असं त्याच्या मदतनीस बाईनं येऊन सांगितलं, तेव्हा तो माझ्या एका धडधाकट दाताकडे फार वेळ बघत राहिला. मी तोंड मिटून घेतलं.

ऑफिसात कुत्र्याचा परवाना काढायला आलेली माणसं कुत्र्यापेक्षा माझी चौकशी जास्त करायची.

आणि हेल्मी? हेल्मी मैदानावर सगळ्यांची लाडकी झाली होती. तिनं एलिसेओला लोकरीचा गळपट्टा विणून दिला, तर तो दुसऱ्या दिवसापासून चेंडू कुंपणापलीकडे मारायला लागला. मग पिचरनं मागितला. मग सगळ्यांनी. ऑगस्टमध्ये ती मला जेवताना सांगायची, "डावखुरा फलंदाज आला की आपल्या पिचरनं चेंडू आत ठेवायला हवा रे, बाहेर टाकून मार खातो." सव्वीस वर्षं मी ज्या बाईला बेसबॉल म्हणजे काय ते समजावत होतो, ती बाई! मी खिम्याचं भांडं घासत मान हलवत होतो.

खरं सांगू? हसण्यावारी नेलं तरी मी आतून दमलो होतो. आमचं घर टेकडीवर आहे. वारा सरोवराकडून असला की मैदानावरचा आवाज वर येतो. शब्द कळत नाहीत, नुसता गलका. मी मागच्या पायरीवर ओलं फडकं खांद्यावर टाकून उभा राहायचो. गलका एकदम चढला की समजायचं, काहीतरी चांगलं झालं. आणि जे काही चांगलं झालं ते मी तिथे नाही म्हणून झालं. सव्वीस वर्षं ज्यांच्यासाठी घसा फोडला, त्यांना माझी एवढीच गरज होती. संघावर माझं प्रेम होतं यात शंका नाही; पण माझ्या प्रेमाचा संघाला त्रास होत होता, हे वहीत लिहिलेलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी एक वाजता अंतिम मॅच. समोर बिस्मार्कचा संघ. आदल्या दिवशी, शनिवारी, क्लिफर्ड आमच्याकडे सौनाला, म्हणजे वाफेच्या आंघोळीला आला. दर शनिवारी येतो. आम्ही दोघं वरच्या फळीवर घाम गाळत बसलो. मी म्हटलं, "क्लिफर्ड, उद्याची शेवटची आहे. तू जाणार. मी पाच मिनिटं येऊन मागे उभा राहिलो तर? टोपी ओढून?"

त्यानं तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली. वाफेतूनच म्हणाला, "एक्केचाळीस वर्षं, आर्वो."

"हो."

"उद्या नको येऊस."

"बरं," मी म्हटलं. सौनाचा एक फायदा आहे. डोळ्यांतलं पाणी कुठलं, कुणी विचारत नाही.

रविवारी हेल्मी बाराला गेली. जाताना म्हणाली, "भात ठेवलाय. आणि खिडकीशी उभा राहून जीव जाळू नकोस." रविवार असूनही मी हॉटडिश केली (मिसेस ब्रेक्केंची सूचना होती), तिच्यात वेलदोडा घातला, साखर पुरती घातली आणि ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसलो. वारा पडला होता. मैदानावरून काही ऐकू येत नव्हतं.

अडीचला फोन वाजला.

"आर्वो." क्लिफर्ड होता. मैदानावरच्या तिकीट खिडकीतून बोलत होता. आवाज पडलेला.

"काय झालं? तुला बरं नाही का?"

"शून्य–सहा. सहावा डाव चाललाय. काही राहिलं नाही यात."

"अरे, मी खरंच घरी आहे! हॉटडिशही केलीय! खिडकीशीसुद्धा गेलो नाही!"

"माहितीये रे. हरायचंच आहे, तर तू शेजारी नाहीस हे बरं वाटत नाही. सव्वीस वर्षं तुझ्याबरोबर हरलोय मी. या बाकीच्यांना हरता येत नाही, नुसता गोंधळ घालतात. ये. आत्ता ये."

ओव्हन बंद केला एवढं मला आठवतं. ॲप्रन सोडायचं राहिलं. तो सगळा उतार मी दुखऱ्या गुडघ्यानं कसा उतरलो, ते गुडघ्यालाच विचारा. फाटकावरच्या बाईनं मला ओळखलं, तिचं तोंड उघडं पडलं. मग तिनं फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं, खांदे पाडले आणि म्हणाली, "जा. आता तुमच्यानं तरी आणखी काय बिघडणार!"

सहाव्या रांगेत हेल्मीनं विणकाम उचललं आणि दहा नंबरला सरकली. मी अकरा नंबरवर बसलो. चार महिन्यांनी. खुर्चीवर तिनं विणलेली गादी होती. माझ्या खुर्चीला सव्वीस वर्षांत असं सुख मिळालं नव्हतं. क्लिफर्डनं थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून माझ्या हातात दिली. आम्ही दोघं मैदानाकडे बघत बसलो. फार बरं वाटलं. हरणाऱ्या संघाकडे बघायची एक सवय असते. ती अंगात परत आली.

सातव्या डावात आम्ही दोन धावा केल्या.

"होतं असं कधीकधी," क्लिफर्ड म्हणाला.

आठव्यात आणखी दोन. सहा–चार. आता पुढच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी कॉफीत बघत राहिलो. मिसेस ब्रेक्केंनी पर्समधून पेन्सिल काढली.

नववा डाव सुरू झाला तेव्हा सरोवरावरून धुकं आलं. आमच्याकडे ते असंच येतं, न विचारता. आधी कुंपणावरच्या जाहिराती गेल्या, मग कुंपण गेलं, मग लांबचे दोन खेळाडू नुसते पाय उरले. पंच एकमेकांकडे बघत होते, पण थांबवायचं धाडस कुणाला होईना. आमचे दोघं बाद, दोघं धावायला उभे, आणि बॅट घेऊन आला एलिसेओ. गळ्यात निळा गळपट्टा.

"आत टाकतील त्याला," हेल्मी विणता विणता म्हणाली. "बघ."

त्यांनी चेंडू आत टाकला. एलिसेओनं जोरात मारला. आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. चेंडू वर गेला, धुक्यात शिरला, आणि नाहीसा झाला. कुठे गेला, कुणालाच दिसेना. आमचे धावणारे धावत सुटले. त्यांचा खेळाडू आत कुठेतरी ओरडत होता, "कुठाय? अरे, कुठाय?" दुसरा म्हणाला, "तुझ्याकडे आला ना?" एक आला, सहा–पाच. दुसरा आला, सहा–सहा. मग धुक्यातून निळा गळपट्टा आला, पोटावर घसरत, आणि सात–सहा!

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. क्लिफर्ड मला मिठी मारून रडत होता. धक्क्यावरचा माणूस, चाळीस वर्षांत कुणी त्याला रडताना पाहिला नसेल. हेल्मी खुर्चीवर चढून ओरडत होती. मी ॲप्रनमध्ये उभा होतो, हात वर करून, आणि मनात एकच विचार: मी इथे होतो! मी इथे असताना जिंकलो! संपलं सगळं. मी पनवती नाही. देवा, मी पनवती नाही!

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या तळघरात क्लिफर्डला निरोप द्यायला सगळे जमले. जेवण हेल्मीनं केलं होतं. माणसांनी तीन-तीनदा वाढून घेतलं आणि काही जणांचे डोळे भरून आले. जेवण झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, मंडळी, आता पुढच्या हंगामात मी माझ्या खुर्चीवर परत येतो, हे सांगायला हरकत नाही.

टाळ्या झाल्या नाहीत.

मिसेस ब्रेक्केंनी घसा साफ केला. "आर्वो, बस. आम्ही त्या दिवसाचा हिशेब मांडलाय. तू आलास सहाव्या डावात. धुकं सरोवरावर उठलं, असं बंदरातली माणसं सांगतात, त्याच सुमाराला. नवव्या डावात ते पुरतं आत आलं आणि नेमकं तेव्हा आपण जिंकलो. याचा अर्थ सरळ आहे."

"काय अर्थ?"

"धुक्यात तू दिसत नाहीस. दिसत नाहीस, म्हणजे धरला जात नाहीस."

"अहो, पण मी तिथे बसलो होतो! क्लिफर्ड, सांग ना!"

क्लिफर्डनं केकचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. "कॉफी घेणारा हात दिसत होता," तो म्हणाला. "बाकी खात्रीनं नाही सांगता येणार."

मी हेल्मीकडे वळलो. "तू तरी!"

"आर्वो," ती सुईवरचे टाके मोजत म्हणाली, "मला जिंकायला आवडायला लागलंय रे."

ठराव मांडला गेला. यापुढे अकरा नंबरची खुर्ची हेल्मीची. आर्वो साल्मेलानं मैदानावर यायला हरकत नाही, मात्र फळ्यावरचे आकडे सहाव्या रांगेतून वाचता येणार नाहीत इतकं दाट धुकं असेल तरच; धुकं विरलं की त्यानं उठून घरी जावं. पास्टर लुंडीन म्हणाले, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणजे, हात वर करणाऱ्यांत मीही होतो. काय करणार? संघ माझाही आहे.